हातमोजे शिवणाऱ्याचा पोर नाटकें लिहील कसा?

शेक्सपिअर हा इंग्रजांचा थोर नाटककार. त्याच्याच ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करून देवलांनीं तो मराठी रंगभूमीवर आणला. या शेक्सपिअरनें आपलीं नाटकें लिहिलींच नाहींत, असें म्हणणारे पंडित विलायतेंत आजहि आहेत. कां? तर म्हणे त्याचा बाप स्ट्रॅटफर्ड गांवीं हातमोजे शिवी आणि सहीऐवजीं निशाणी करी. अशा घरच्या पोराला राजेरजवाड्यांच्या मनांतलें कळावें कसें?

आम्ही या पंडितांस विचारतों, हा संशय तुम्हांस सुचला केव्हां? शेक्सपिअर वारला १६१६ सालीं. १६२३ सालीं हेमिंग्ज व कॉन्डेल या त्याच्या सोबतच्या नटांनीं त्याचीं ३६ नाटकें त्याच्याच नांवानें छापविलीं. नाटककार बेन जॉन्सननें त्यांत त्याची स्तुति गायिली. जवळून पाहणारांस न आलेला संशय डेलिया बेकनबाईंनीं १८५७ सालीं ग्रंथ लिहून मांडला! १९२० सालीं लूनी मास्तरांनीं ऑक्सफर्डच्या सरदाराला कर्ता ठरविलें. २०११ सालीं त्यावर बोलपटहि निघाला. पण हा सरदार १६०४ सालींच मेला, आणि ‘टेम्पेस्ट’ नाटकांत १६०९ च्या बर्म्युडाजवळील जहाजफुटीचे पडसाद आहेत, असें बहुतेक अभ्यासक मानतात. मग तें काय सरदाराच्या भुतानें लिहिलें?

या नाटकांचीं हस्तलिखितें सांपडत नाहींत, हें खरें. पण त्या काळच्या बहुतेक नाटककारांची तीच गत आहे. मग याच्याच दारीं झडती कां? जॉन्सननें स्वतः गवंडीकाम केलेलें, मार्लो हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. ती रंगभूमि कारागिरांच्या पोरांनींच उभी केली!

पंडितांस न दिसणारी गोष्ट साधी आहे. स्ट्रॅटफर्डला गांवच्या खर्चानें चालणारी लॅटिनची शाळा होती; गांवच्या मुलांस तेथें फी नव्हती. तिचा पट आज उरलेला नाहीं. पण बाप गांवचा कारभारी झालेला, तेव्हां मुलगा तेथेंच शिकला असावा.

आपल्याकडे जोतीरावांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलें, तें दक्षिणा प्राइझ कमिटीनें नाकारलें. तिकडे कष्टकऱ्याचें लिहिलेलें सरदाराच्या नांवें चढवूं पाहतात, इकडे तें दारांतूनच परत लावतात. रोग एकच!

शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, बुद्धि कांहीं थोर कुळाच्या पेटींत कुलुपबंद नसते. शेक्सपिअरला सरदाराचें रक्त लागलें नाहीं. गांवची शाळा लागली. आपल्या पोरापोरींचें नांव पटावरून काढून त्यांस कामाला जुंपण्यापूर्वीं एवढें ध्यानांत धरा.