सातव्या ओळीचा अपराध

आमच्या धाकट्या सूनबाई पदवीनंतर पंधरा वर्षांनीं पुन्हा विद्यार्थिदशेंत शिरल्या आहेत. पायथन ही संगणकाची भाषा त्या शिकतात. महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब संगणकाकडून करवावा, ही त्यांची पहिली हौस. एके रात्रीं ‘सातव्या ओळींत सिंटॅक्स एरर’ असा शेरा आला. बाईंनीं ती ओळ नऊ वेळां पुसून लिहिली, आणि अखेर ‘हें माझ्या डोक्याचें काम नव्हे’ म्हणून लॅपटॉप मिटला. वास्तविक सातवी ओळ निर्दोष होती; सहावींतला कंस मिटावयाचा राहिला होता.

पायथन सबंध लिखाण आधीं वाचतो, आणि व्याकरण चुकलेलें आढळलें तर एकहि ओळ चालवीत नाहीं. तो दाखवितो ती ओळ म्हणजे त्याची मति जेथें खुंटली ती जागा; चूक पुष्कळदां तिच्या आधींच झालेली असते. कंस उघडाच राहिला कीं पुढची ओळ त्याला त्याच वाक्याचा भाग वाटते. म्हणून प्रथम वरची ओळ वाचावी. २०२१ सालच्या ३.१० आवृत्तीपासून ‘हा कंस मिटलाच नाहीं’ असें तो स्पष्ट सांगतो. सूनबाईंच्या लॅपटॉपवर नेमकी त्याआधींची आवृत्ति होती!

जुनीं पुस्तकेंहि फसवितात. २००८ सालीं तिसरी आवृत्ति निघाली, तेव्हांपासून ‘प्रिंट’पुढें कंस लागतो, त्यापूर्वींच्या पुस्तकांतील ओळ जशीच्या तशी उतरली तरी ती चुकते. ‘इफ’च्या ओळीअखेरचा अपूर्णविराम विसरणें, खालच्या ओळी सारख्या अंतरानें आंत न घेणें, हें तर नित्याचेंच.

आपल्या घरांतून आणखी एक चूक संभवते. ‘खर्च’ असें देवनागरी नांव पायथन ३ खुशाल स्वीकारतो, परंतु त्यापुढें ५०० हा आंकडा देवनागरींत लिहिला कीं अडतो. तेथें इंग्रजी अंकच हवेत. गंमत अशी कीं, तेच देवनागरी ५०० अवतरणचिन्हांत घालून ‘इंट’च्या स्वाधीन केल्यास तो बिनतक्रार पांचशें समजतो!

दुसऱ्या दिवशीं आम्ही सूनबाईंस सहावी ओळ वाचावयास सांगितली. कंस त्यांचा त्यांनाच सांपडला. हिशेबहि लागला, त्यांतील साजुक तुपाचा आंकडा पाहून घरांत जो वाद माजला, तो येथें सांगण्याचें कारण नाहीं.