धपाटे : वहीत न मावणारे ऐतिहासिक साधन

१/ आपल्या शहराच्या खाद्येतिहासाचा विषय निघाला की चर्चा प्रथम नान-खलियाकडे वळते. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी केली आणि त्याच्या सैन्यासोबत हा पदार्थ इकडे आला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. धपाट्याला असा कोणी सुलतान लाभला नाही. म्हणून आजचा थ्रेड धपाट्यावर.

२/ पदार्थ साधा आहे. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन व कणीक, तिखट, लसूण, ओवा, तीळ आणि हळद. गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, बोटाने छिद्रे पाडायची, फडक्यासकट तव्यावर पालथा घालून फडके अलगद सोडवायचे. गेल्या हिवाळ्यात आम्ही इतिहासाचे चार विद्यार्थी बेगमपुऱ्यातील एका आजींकडे हे शिकायला गेलो.

३/ आम्ही आधी वही उघडली आणि प्रमाण विचारले. आजी म्हणाल्या, "पीठ कसंय ते बघून पाणी घ्यायचं. जुन्या पिठाची विरी जाते, मग कढत पाणी लागतं." ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, गरम पाण्याने स्टार्च फुगतो आणि पीठ धरून राहते. विज्ञानाचे हे स्पष्टीकरण आम्ही नंतर शोधले. आजींचे हात मात्र वर्षानुवर्षे तेच करत होते.

४/ माझे धपाटे थापतानाच फाटले. ते पाहून आजींना बहात्तरचा दुष्काळ आठवला. "रेशनच्या मिलोचं असंच फाटायचं. लेकरं खायची नाहीत." मिलो म्हणजे त्या वेळी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. दुष्काळाविषयी आम्ही त्यांना आधीही विचारले होते, तेव्हा उत्तर मिळाले होते, "लई हाल झाले."

५/ माझे मत याच अनुभवातून बनले आहे. पारंपरिक पदार्थ शिकणे हा हौसेचा उपक्रम न मानता मौखिक इतिहासाची पद्धत मानला पाहिजे. काही आठवणी प्रश्नावलीने जाग्या होत नाहीत. पिठात हात घातल्यावर होतात.

६/ यावर आक्षेप येईल की पाककृती तर छापलेल्या आहेतच. खरे आहे. 'सूपशास्त्र' १८७५चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१०चे, कमलाबाई ओगलेंची 'रुचिरा' १९७०ची. ही मोलाची साधने आहेत. परंतु कोरडवाहू शेतात राबून आल्यावर चूल पेटवणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचा अनुभव छापील पानावर क्वचितच पोहोचला.

७/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : स्मृती चुकते. आजींच्या मते धपाटे "पूर्वापार असंच" आहे. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली; पोर्तुगिजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारतात पोहोचली. ज्वारी त्याहून कितीतरी आधी आफ्रिकेतून आली. पूर्व सुदानात तिच्या लागवडीचे पाच हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. तेव्हा साधनचिकित्सा इथेही हवीच. बखरीतील अतिशयोक्ती ओळखूनही आपण बखर वाचतो. आजींच्या कथनालाही तोच न्याय द्यावा.

८/ २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीला प्रतिष्ठा मिळाली. ती ज्वारी आयुष्यभर थापणाऱ्या स्त्रिया मात्र अजून आपल्या संदर्भसूचीत नाहीत. बहात्तर साली ज्यांच्या हाती चूल होती, त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत. दप्तरखाना उद्याही उघडेल. हे साधन उद्या असेलच असे नाही.

९/ मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा केवळ व्हिडिओ काढून परतू नका. स्वतः पीठ मळा. ज्वारी कोणत्या वाणाची होती, दळण कोण दळायचे, शेवटी कोण जेवायचे, हे विचारा. आणि त्यांची संमती असेल तर नोंदीवर सांगणारीचे नाव लिहा. 'एक वृद्ध महिला' एवढीच नोंद ठेवून आपण आजवर पुष्कळ इतिहास गमावला आहे.