अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास आणि त्याचा कागद: वसई-विरारच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका यांस,

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची प्रकृती घरीदारी वजनावरून जोखली जाते. परंतु फुलपाड्यातल्या चाळीत परतलेल्या अशा बाळाच्या पुढील वाढीचा अंदाज घ्यायचा, तर त्याच्या फुप्फुसांनी पहिले आठवडे कसे काढले हे आधी पाहावे लागते.

श्वास सोडताना फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट या स्निग्ध द्रव्याचा थर लागतो, आणि तो साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड फार साचला, तर मेंदूतील पोकळ्यांलगतच्या नाजूक रक्तवाहिन्या फुगून रक्तस्रावाचा धोका वाढतो. उलट यंत्राने श्वास गरजेपेक्षा जास्त देऊन हा वायू फार उतरवला, तर त्या रक्तवाहिन्या आकसतात आणि श्वेतद्रव्याला, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंना, रक्त कमी पडते. प्राणवायूचा अतिरेकही डोळ्याच्या पडद्याला बाधतो, म्हणून बाळाच्या पायाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा साधारण ९० ते ९५ दरम्यान राहावा यासाठी परिचारिका रात्रंदिवस प्राणवायू कमीजास्त करत असते, आणि या जोखमीच्या कामाची वाखाणणी क्वचितच होते. मातेच्या शेवटच्या पाळीपासून मोजून ३६ आठवडे भरल्यावरही प्राणवायू लागत राहिला, तर त्या आजारास ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लाझिया म्हणतात. अशा मुलांत चालणे, बोलणे व शिकणे मागे पडण्याची शक्यता अधिक असते, मात्र शक्यता म्हणजे निदान नव्हे.

प्रसूतीपूर्वी मातेला दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन बाळाची फुप्फुसे लवकर पक्व करते, पण गर्भाचे वय नेमके ठाऊक असेल तरच ते हिताचे. नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गावपातळीपर्यंत हे औषध पोहोचवूनही अपेक्षित लाभ झाला नाही, उलट एकूण नवजात मृत्यू काहीसे वाढले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र, जिथे रुग्णालयात सोनोग्राफीने वय ठरवून ते दिले गेले, तिथे मृत्यू घटले.

म्हणून महापालिकेने पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीची तारीख माता-बाल कार्डावर नोंदवणे, आणि उपचार मुंबईत झाले असले तरी घरी सोडतानाच्या कागदावर यंत्राचे व प्राणवायूचे दिवस लिहून ते आशा सेविकेपर्यंत पोहोचवणे बंधनकारक करावे. २८ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचे वय, अपुरे राहिलेले दिवस वजा करून, जन्मानंतर सहा महिन्यांनी तीनच महिने धरायचे असते. हा हिशेब सेविकेच्या नोंदवहीत वेगळ्या रकान्यात असावा, आणि त्या वयाने दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाची विकास-तपासणी नियमित व्हावी.