मुलींनाही पोहायला शिकवा



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण आपल्या नेवासे तालुक्यातल्या काठावरच्या गावांना नाथसागर आहे. पैठणला गोदावरी नदीवर जायकवाडीचे धरण बांधले. त्याचे उद्घाटन १९७६ साली झाले. संत एकनाथ महाराजांच्या नावावरून या पाण्याला नाथसागर म्हणतात. धरण भरले की पाणी लांबच लांब पसरते आणि वारा सुटला की लाटासुद्धा येतात.

मी मोबाईलवर सर्फिंग पाहिले. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत यायचे, असा तो खेळ आहे. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. त्यात बायकांचीही स्पर्धा होती. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या लाटा नाहीत, म्हणून सर्फिंग जमणार नाही. पण पोहायला तर जमेल ना! आपल्या वर्गातली मुलं पोहतात, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसतात. मुली मात्र काठावर धुणं धुतात. हे काही बरोबर नाही, असे मला वाटते.

आई म्हणते, "पाण्याकडं जाऊ नको गं, बुडशील." आईची काळजी खरी आहे. पण धुणं धुवायला आणि म्हशीला पाणी पाजायला आम्हालाच जावं लागतं. तिथं पाय घसरला तर काय करायचं? नुसतं "जाऊ नको" म्हणून पोहायला येत नाही. शिकवलं तरच येतं.

शिकायला नाथसागरात जाऊ नये, कारण तिथे गाळ आहे आणि पाय रुततो. पायऱ्यांची विहीर बरी. पाठीला मोकळा प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा. आत हवा असते म्हणून तो तरंगतो, पण बूच घट्ट पाहिजे. कमरेला दोर बांधायचा आणि दोराचे टोक मोठ्या माणसाने धरायचे. एकट्याने कधीच उतरायचे नाही.

आता फोटोचे सांगते. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य झाले. हिवाळ्यात इथे लांबून पक्षी येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. रोहित पक्षी लांब पायांवर उथळ पाण्यात उभे असतात. त्यांचा फोटो काढायला गावोगावची माणसं येतात. काही जण थवा उडावा म्हणून ओरडतात, दगड मारतात. तसे करू नये. पक्षी इतक्या लांबून दमून येतात, त्यांना पोटभर खाऊ द्यावे. सकाळी ऊन आपल्या पाठीशी ठेवून गुपचूप बसले तर फोटो चांगला येतो.

आणि स्वतःचा फोटो काढताना पाण्याकडे मागे मागे सरकू नका. मागे कुठं खोल आहे ते दिसत नाही. पोहता येणाऱ्यानेसुद्धा असे करू नये.

पालकहो, पाणी आपल्या दाराशी आहे. ते दुसरीकडे जाणार नाही आणि आपणही जाणार नाही. म्हणून या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या मुलाबरोबर मुलीच्याही कमरेला दोर बांधा. पुढच्या पालकसभेत हे ठरवा, एवढीच विनंती.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी