हे ‘इतर’ कुणाला म्हणता?

सप्टेंबरच्या सणानिमित्त निघणाऱ्या आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी यंदा जो मजकूर आला, त्यात नेहमीप्रमाणे पाच-सहा कविता, वेलंकनीच्या यात्रेची दोन वर्णने आणि कुणा सद्गृहस्थांनी स्वतःच स्वतःवर लिहिलेला एक गौरवलेख होता. त्या गठ्ठ्यात वहीच्या कागदावर लिहिलेले साडेतीन पानांचे एक टिपणही होते. लिहिणारी मुलगी दहावीतली, इंग्रजी माध्यमातली. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता; ‘आणि’ हा शब्द तिने तीन प्रकारे लिहिला होता. शीर्षक होते, ‘शाळेने मला काय दिले’.

असले शीर्षक पाहिले की पुढे काय येणार हे आम्हांला ठाऊक असते: शिस्त, संस्कार, शिक्षकांचे ऋण. तसे काही आले नाही. मुलीने तीन गोष्टी लिहिल्या होत्या. एक खो-खो, ज्यात तिचा संघ तालुक्यात पहिल्याच फेरीत हरला. दुसरी भित्तिपत्रक. आणि तिसरी, नववीत असताना स्नेहसंमेलनात बसवलेले मराठी नाटक. त्यात तिला सत्तरीच्या म्हातारीची भूमिका मिळाली होती; पहाटेच्या लोकलने दादरला फुले घेऊन जाणारी म्हातारी. बाई म्हणाल्या, “तुझी आजी बोलते तशी बोल.” तेव्हा मुलीच्या ध्यानात आले, की एकाच घरात राहून आपण आजीचे बोलणे कधी सलग दहा मिनिटे ऐकलेलेच नाही. आजी कादोडी बोलते, आई-बाबा आजीशी कादोडी आणि आपल्याशी इंग्रजी बोलतात. मग तीन आठवडे रोज संध्याकाळी ती आजीच्या खाटेशी जाऊन बसली. टोपली डोक्यावरून कशी उतरवायची, गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की तोंड कुठे फिरवायचे, कमरेच्या पिशवीतले पैसे न पाहता कसे मोजायचे, हे सारे आजीने करून दाखवले. दोन शिव्याही शिकवल्या. त्या मात्र बाईंनी संहितेतून गाळल्या. प्रयोगाच्या दिवशी आजी लाल लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसली होती. टिपणाच्या शेवटी मुलीने लिहिले होते, की त्या दिवसानंतर आपल्याला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचीही भीती वाटेनाशी झाली. का, ते तिला सांगता आले नव्हते.

आम्ही ते टिपण शुद्धलेखन सुधारून छापले. त्यानंतरच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दोन पालक सॅक्रिस्टीत आले. आम्ही अजून अंगावरचा झगा उतरवत होतो. “फादर, असले लेख छापून तुम्ही मुलांना भलत्याच वाटेला लावता,” एकजण म्हणाले. “नाटकाच्या नादात गेल्या वर्षी आमच्या मुलाचे दहा टक्के गेले.” दुसऱ्यांनी पुस्ती जोडली, “आणि मराठी नाटक हवंय कुणाला? मुलांना समजत नाही, पाहुण्यांना समजत नाही.” पुढे शाळेच्या पालकसभेत या बोलण्याचा रीतसर प्रस्ताव झाला. आठवीपासून पुढच्या वर्गांचे सर्व ‘अभ्यासेतर’ उपक्रम बंद करावेत, स्नेहसंमेलन एका दिवसावर आणावे, त्यात ध्वनिमुद्रित गाण्यांवरची नृत्ये तेवढी ठेवावीत, म्हणजे तालमीला वेळ लागणार नाही. आणि मराठी नाटक प्रथम वगळावे. हात वर करणाऱ्यांची संख्या पाहून आम्ही चकित झालो नाही, असे म्हटले तर ते असत्य होईल.

या प्रस्तावाला आमचा विरोध आहे. तो सभेत नोंदवला आहेच; येथे कारणांसह मांडतो.

‘अभ्यासेतर’ हा शब्दच प्रथम तपासून पाहावा. अभ्यास आणि त्याहून इतर अशी ही वाटणी आली कुठून? ज्या संस्थांनी शिक्षणाचा ख्रिस्ती वारसा घडवला, त्यांना ती ठाऊक नव्हती. येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी शिक्षणसंहिता सिद्ध केली, तिच्यात जाहीर भाषणे, वादविवाद, विद्यार्थ्यांची मंडळे आणि प्रसंगी लॅटिन नाटके यांना शाळेच्या कामातच स्थान होते. लॅटिन ही कुणाच्याच घरात बोलली जाणारी भाषा राहिली नव्हती. ती मुलांच्या तोंडी रुळवायची, तर नुसती व्याकरणाची घोकंपट्टी पुरणार नाही, तिला रंगमंचावर उभे करावे लागेल, हे त्या कडक शिस्तीच्या लोकांना उमगले होते. तूरिनमध्ये संत डॉन बॉस्को यांनी रस्त्यावरची मुले गोळा केली, तेव्हा त्यांच्यासाठी खेळाचे अंगण, वाद्यवृंद आणि नाटुकली ही प्रार्थनेच्या आणि धंदेशिक्षणाच्या जोडीने आली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलांच्या शारीरिक, नैतिक आणि बौद्धिक गुणांचा सुसंवादी विकास व्हावा असे म्हटले. शारीरिक आणि नैतिक गुण फावल्या वेळेसाठी राखून ठेवा, असे म्हटले नाही. सरकारी दाखलाच हवा असेल, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात काटेकोर भिंत नसावी, असे तत्त्व नोंदवले आहे. म्हणजे आमचे पालक ज्या भिंतीसाठी विटा वाहत आहेत, ती पाडावी यावर दिल्ली आणि रोम यांचे एकमत आहे. असा योग वारंवार येत नाही.

पालकांची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी केळीच्या आणि पानवेलीच्या बागा केल्या, त्यांच्यापैकी अनेकांची जमीन आज इमारतींखाली गेली आहे. मुलांच्या हाती देण्यासारखे शिक्षणाखेरीज दुसरे काही उरलेले नाही, ही जाणीव रात्रीची झोप उडवणारी आहे. क्लासची वार्षिक फी भरण्यासाठी पतपेढीचे कर्ज काढणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, त्यांच्या घरांना आशीर्वादही दिले आहेत. परंतु भीती खरी असली म्हणून तिच्यापोटी काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. ज्या मुलाचे दहा टक्के गेले, त्याला त्या नाटकात दोनच वाक्ये होती, हे आम्ही बाईंकडून जाणून घेतले. दोन वाक्यांनी दहा टक्के खाल्ले असतील, तर ती वाक्ये जपून ठेवण्यासारखी आहेत!

आणि जे उपक्रम चालू ठेवायला पालकांची हरकत नसते ते कोणते, हेही पाहण्याजोगे आहे. चित्रकलेच्या शासकीय परीक्षा चालतात, कारण दहावीला त्यांचे सवलतीचे गुण मिळतात. खेळ चालतो, पण जिल्ह्यापुढे पोचणारा असेल तर. जी मुलगी पहिल्या फेरीत हरली, तिच्या खो-खोचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? पाठीवर थाप पडताच उठून धावायचे, आपल्याला बाद केले ते पंच चुकले असे वाटले तरी गप्प बसायचे, आणि परतीच्या एस.टी.त हरलेल्या आठजणींना गाणी म्हणायला लावायची, हे ती शिकली. आमच्या प्रवचनांतून हे शिकवण्याचा प्रयत्न आम्ही सव्वीस वर्षे करीत आहोत आणि यश बेताचेच आहे.

भाषेचेही तसेच. आठवीत मुले संस्कृत किंवा फ्रेंच घेतात ती गुण मिळतात म्हणून, आणि बारावीला दुसरी भाषा सोडून माहिती तंत्रज्ञान घेतात तेही त्याच कारणाने. दोन वर्षांपूर्वी एक फ्रेंच धर्मभगिनी आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. फ्रेंचमध्ये शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण मिळवलेला एक हुशार मुलगा आम्ही मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे उभा केला. ‘बाँजूर’ झाले आणि पुढे शांतता पसरली. सिस्टर मायाळू होत्या. त्यांनी इंग्रजीत त्याचे नाव विचारले. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याला कुणी फ्रेंचमध्ये भांडायला, हसायला, पाव मागायला लावलेच नव्हते. भाषा गुणपत्रिकेत येते आणि तिथेच राहते.

आमचा स्वतःचा अनुभव सांगावा लागतो. आम्ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून सेमिनरीत गेलो. तिथे तत्त्वज्ञानाचे तास इंग्रजीत. पहिल्या वर्षी आमची जीभ टाळूला चिकटलेली असे. जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचे टाळून आम्ही अळणी वरण खाल्ले आहे. व्याकरण आम्हांला येत होते, परीक्षेत उत्तीर्णही होत होतो. मग एका वृद्ध प्राध्यापकांनी नाताळच्या नाटकात आम्हांला सराईवाल्याचे काम दिले. सराईवाला मरिया-योसेफाला जागा नाकारतो, एवढेच ते काम. “तुला गावात पाहुण्याला दारातून घालवताना जसं वाटेल तसं बोल,” असे ते म्हणाले. आम्ही मनात मराठीत रागावलो आणि तोंडातून इंग्रजी बाहेर आली. सभागृह हसले, तेही योग्य जागी. त्या रात्री आम्ही मीठ मागितले. त्या मुलीला तोंडी परीक्षेची भीती का वाटेनाशी झाली, हे तिला सांगता आले नाही; आम्हांला वाटते, आम्हांला ते ठाऊक आहे. ज्याने एका भाषेत लोकांपुढे उभे राहून आपला आवाज ऐकला आहे, त्याला तो आवाज दुसऱ्या भाषेतही सापडतो. मातृभाषेत मुका ठेवलेला मुलगा इंग्रजीत वक्ता होईल, ही आशा आमच्या समाजाने पंचवीस-तीस वर्षे बाळगली. तिचे फळ दर रविवारी वाचनमंचावर दिसते. पहिले वाचन करायला येणाऱ्या तरुणांच्या हातात रोमन लिपीत लिहिलेला मराठी मजकूर असतो. ‘यशया’ हा संदेष्टा आमच्या वेदीवरून किती नावांनी हाका मारला गेला आहे, ते तोच जाणे.

उपासना लोकांच्या भाषेत व्हावी यासाठी १९६३ साली महासभेने दार उघडले. मराठी मिस्सा, मराठी गीते, मराठी बायबल यांसाठी आमच्या आधीच्या पिढीतील धर्मगुरूंनी आणि प्रापंचिकांनी आयुष्ये वेचली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्या घरांपैकी किती घरांतल्या मुलांना त्यांचे एक पान अडखळल्याविना वाचता येते? १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून सिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स तर इंग्रज होते. ते १५७९ मध्ये गोव्यात उतरले, इथल्या माणसांत राहून इथली भाषा शिकले आणि ओवी लिहू लागले. इंग्रजाला ओवी जमली, आणि आमच्या नातवंडांना आजीचे बोलणे जमेना.

इतिहासातली आणखी एक गोष्ट. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मानामागे राजसत्ता होती. तरीही कोकणी जगली, कारण घराघरांत आया ती बोलत राहिल्या. आमच्यावर कुणा व्हाइसरॉयचे फर्मान नाही. ते आम्ही आमच्या स्वयंपाकघरात आपल्या हाताने लिहीत आहोत.

‘आम्ही’ हा शब्द येथे केवळ लेखनाची रीत म्हणून वापरलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेचे व्यवस्थापन आमच्याकडे असताना, मधल्या सुट्टीत मराठी बोलणाऱ्या मुलाकडून पाच रुपये दंड घेण्याची पद्धत तिथे चालू होती. ती आम्ही सुरू केली नव्हती. पण दोन वर्षे तिच्याकडे पाहत राहिलो. दंडाचा पत्र्याचा डबा मुख्याध्यापकांच्या टेबलावर असे. डिसेंबरात त्यातील पैसे मोजून नाताळचा मोठा तारा आणला, आणि तो तारा आम्ही स्वहस्ते शाळेच्या गच्चीवर लावला. शिडीवरून उतरल्यावर एका तिसरीतल्या मुलाने अभिमानाने सांगितले, “फादर, यातले पंचवीस रुपये माझे.” आम्ही हसलो. त्या हसण्याची आठवण आजही पाठ सोडत नाही. डबा दुसऱ्या दिवशी बंद केला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तो बंद व्हायला पुढचा जून उजाडला.

म्हणून सभेत हात वर करणाऱ्या पालकांवर आम्ही वरच्या पायरीवरून दगड फेकीत नाही. मराठी ही दंडनीय गोष्ट आहे, रंगमंच हा वेळेचा अपव्यय आहे, हे त्यांना आमच्याच संस्थांनी शिकवले. त्यांतले निम्मे आमच्याच शाळांचे माजी विद्यार्थी आहेत. आज ते आमचाच धडा आम्हांला म्हणून दाखवत आहेत आणि तो त्यांचा तोंडपाठ आहे. फरक इतकाच, की आम्ही तो धडा चुकीचा होता असे आता म्हणतो.

राज्यात २०२० पासून सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला, मग नाटक कशाला, असा प्रश्न समितीतील एका सदस्यांनी आम्हांला केला. सक्तीने तास मिळतो, दर्जाने मान मिळतो. खाटेशी जाऊन तीन आठवडे कुणी बसत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर समितीने काय ते ठरवलेले असेल. आम्ही मात्र थांबलेलो नाही. शाळेचे सभागृह मिळाले नाही तर धर्मग्रामाचे आहे. यंदाच्या नाटकात आठ मुले आणि अकरा मुली आहेत; पहिली तालीम रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर साडेनऊला ठेवली आहे. क्लास साडेदहाला असतो, हे आम्हांला माहीत आहे. दोघांना क्लासपर्यंत स्कूटरवरून सोडण्याचे आम्ही कबूल केले आहे. ज्या पालकांनी प्रस्ताव मांडला होता, त्यांचा मुलगा काल सायंकाळी येऊन विचारून गेला, की यंदा दोनपेक्षा जास्त वाक्ये मिळतील काय.