मॅरेथॉनचा हंगाम आणि घरच्यांची धास्ती: हौशी धावणे कितपत सुरक्षित?

थंडी पडू लागली की महाराष्ट्रात मॅरेथॉनचा हंगाम भरात येतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची, साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. आता तर तालुक्याच्या गावीही पाच-दहा किलोमीटरच्या स्पर्धा होतात. त्यात अधूनमधून धावताना कोणी कोसळल्याची बातमी येते, ती कुटुंबाच्या ग्रुपवर फिरते आणि त्याच आठवड्यात ओपीडीत प्रश्न येतो, "डॉक्टर, यांचं धावणं बंद करायला सांगा ना." विचारणारी बहुधा पत्नी असते. धावणारे गृहस्थ शेजारच्या खुर्चीत गप्प.

धावणे बंद करू नका, हे माझे बहुतेक वेळा उत्तर असते. पण ते कोणत्या आधारावर, हे समजून घ्यायला हवे.

अमेरिकेत २०१० ते २०२३ या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पूर्ण केलेल्या सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १७६ जणांचे हृदय अचानक बंद पडले आणि ५९ जण दगावले. म्हणजे साधारण पाच लाखांत एक मृत्यू. त्याआधीच्या दशकातल्या पाहणीत हृदय बंद पडलेल्या ५९ जणांपैकी ४२ दगावले होते. हृदय बंद पडण्याचे प्रमाण दोन्ही वेळा जवळपास तेवढेच राहिले, मृत्यूचे मात्र निम्म्यावर आले. धावपटू काही अधिक निरोगी झाले नव्हते. कोसळलेल्या माणसाच्या छातीवर लगेच दाब देणारे लोक आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र मार्गावर जास्त ठिकाणी उपलब्ध झाले, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कमी वयात सुरू होतो, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असूनही त्याचा पत्ता नसलेली माणसे खूप आहेत. दुसरी बाजूही तेवढीच खरी. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. बसून राहिल्याने होणारे नुकसान सावकाश होते, त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

धावताना मृत्यू का येतो? तिशीच्या आतल्या धावपटूंमध्ये जन्मजात किंवा आनुवंशिक हृदयविकार, उदाहरणार्थ हृदयाचा स्नायू जाड होणे, हे मोठे कारण असते. पस्तिशी-चाळिशीनंतर मात्र बहुतेक वेळा रक्तवाहिनीत आधीपासून साचलेला चरबीचा थर कारणीभूत ठरतो. जोराच्या श्रमात तो फाटू शकतो, किंवा अरुंद झालेल्या वाहिनीतून हृदयाला पुरेसे रक्त मिळत नाही. आजार बहुधा आधीपासून असतो, धावणे त्याला निमित्त ठरते. म्हणून ज्यांना मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा तंबाखू-सिगारेटची सवय आहे, किंवा ज्यांच्या वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. विशेषतः आतापर्यंत बैठे आयुष्य गेले असेल तर.

इथे आमच्या व्यवसायाबद्दलही बोलायला हवे. अनेक स्पर्धांत नोंदणीसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि ते पुष्कळदा ओळखीवर, रक्तदाबही न मोजता मिळते. अशा कागदाचा उपयोग आयोजकांना, तुम्हाला नाही. स्ट्रेस टेस्ट 'नॉर्मल' आली म्हणजेही अभयदान मिळाले असे नव्हे, कारण ती मुख्यतः बराच अरुंद झालेला भाग दाखवते आणि लहान थर तिच्यात सुटू शकतो. म्हणून लक्षणांना तपासणीइतकेच महत्त्व आहे. चालता-धावताना छातीत दाटणे, जबडा किंवा डाव्या हातात दुखणे, नेहमीच्या अंतरालाच अचानक जास्त दम लागणे, धावताना भोवळ येणे, यांतले काहीही झाले तर त्या दिवशी धावणे तिथेच थांबवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. आपल्याकडे हे 'गॅस' म्हणून सोडून देण्याची रीत फार घातक आहे. ताप असताना किंवा नुकताच उतरला असताना धावू नये, मग स्पर्धेचे पैसे भरलेले असोत.

गुडघ्यांची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत हौशी धावपटूंमध्ये गुडघे-खुब्यांची झीज साडेतीन टक्के, तर बैठ्या लोकांमध्ये सुमारे दहा टक्के आढळली. व्यावसायिक स्पर्धकांत ती १३ टक्क्यांच्या आसपास होती. त्रास बहुधा घाईमुळे होतो. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या २०२५ मधल्या अभ्यासात, मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्याच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवणाऱ्यांना दुखापती अधिक झाल्या. म्हणजे महिनाभर पाच किलोमीटरच धावत असाल, तर रविवारी मित्रांच्या भरीस पडून दहा करू नका.

पाण्याबाबत दोन्ही टोके वाईट. दमट हवेत पाणी कमी पडते हे सर्वांना ठाऊक असते, पण तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पीत गेल्यास रक्तातले सोडियम खाली जाऊन झटके येऊ शकतात. तहानेप्रमाणे प्यावे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत मूत्रपिंडाला अपायकारक आहे. इन्सुलिन किंवा साखर बरीच उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धावण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळाचा आकडा दिशाभूल करतो, त्यापेक्षा धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का ते पाहावे.

रोजच्या आयुष्यातल्या अडचणी याहून साध्या, पण जास्त लोकांना अडवणाऱ्या असतात. पहाटे साडेपाचला घराबाहेर पडायचे तर डबे कोण करणार, हा प्रश्न पुरुष रुग्णांकडून मी फारसा ऐकत नाही. बायका तोच आधी सांगतात, आणि मग अंधारे रस्ते आणि मोकाट कुत्री. घरातल्यांनी आठवड्यातून तीन सकाळी डब्यांची जबाबदारी घेतली तर त्या आईची साखर सुधारण्याची शक्यता कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त आहे. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात पहाटेच प्रदूषण जमिनीलगत अडकलेले असते. निर्देशांक २०० च्या वर असेल तर दमा असलेल्यांनी त्या दिवशी घरात व्यायाम करावा.

जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप जोरदार व्यायामासाठी आठवड्याला ७५ मिनिटे आहे. तीन दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटे धावले की ते पूर्ण होते. त्यासाठी पदक किंवा एकवीस किलोमीटर लागत नाहीत. वजनाचा हिशेब मात्र वेगळा. सत्तर किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरमध्ये सुमारे ३५० कॅलरी खर्च होतात, आणि ग्रुपसोबतची मिसळ-पावची प्लेट ते सहज भरून काढते. मी ती बंद करायला सांगत नाही. गप्पा मारायला माणसे मिळतात म्हणूनच कित्येक जण वर्षानुवर्षे धावत राहतात, झोप आणि मन दोन्ही त्यामुळे सुधारते.

स्पर्धेला जाताना धावणाऱ्याने बिबच्या मागे आपले आजार, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहावा. आयोजकांना एईडी कुठे आहे ते विचारावे; उत्तर देता आले नाही तर ती स्पर्धा सोडून द्यावी असे माझे मत आहे. आणि बातम्यांनी धास्तावलेल्या घरच्यांनी एका रविवारी सीपीआर शिकून घ्यावे. माणूस कोसळला, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, आणि रुग्णवाहिका किंवा एईडी येईपर्यंत थांबायचे नाही.