‘समाप्त’ची पाटी

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी ‘मुरुड’ म्हटलं, की समोरची बाई हमखास म्हणते, “अय्या, मजा आहे! समुद्र आहे ना तिथं?” मग सांगावं लागतं, बाई गं, ते रायगडातलं मुरुड-जंजिरा. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आमच्याकडे समुद्र कुठला? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, तो आमचा मुलूख!

तर यंदा सोयाबीनची रास झाली, दिवाळी झाली आणि मुलाच्या आग्रहाखातर मी दोन महिन्यांसाठी पुण्याला आले. हे शेताकडे बघायला म्हणून गावीच राहिले. इथं मुलाचं घर सातव्या मजल्यावर. घर कसं लख्ख. दूध दारात येतं, भाजी दारात येते. सगळं मोबाईलवर सांगायचं. पण माणूस काही दारात येत नाही!

आल्यावर दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. दह्याला विरजण नव्हतं. मुरुडला असते तर भिंतीवरूनच हाक मारली असती. इथं वाटी घेतली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडलेल्या बाईचा चेहरा असा घाबराघुबरा, जणू मी कसली तारच घेऊन आले आहे. विरजण दिलं बिचारीनं, अगदी हसून दिलं. पण संध्याकाळी सून हळूच म्हणाली, “आई, इथं आधी मेसेज करून विचारतात.” आता चमचाभर विरजणासाठी काय मेसेज करायचा? पण गप्प बसले. ज्या गावी जावं तिथली रीत पाळावी.

घरात आम्ही चौघं. मुलगा, सून, चौदा वर्षांचा नातू आणि मी. भिंतीवर केवढा तरी मोठा टीव्ही. पण तो मुका आणि काळा. कारण मुलगा त्याच्या मोबाईलवर क्रिकेट बघतो, नातू कानात बोळे घालून त्याच्या खोलीत, आणि मी? मी तरी काय वेगळी! बहिणीनं पाठवलेले भारुडाचे व्हिडिओ बघत बसते. एका सोफ्यावर तिघं बसलेलो असलो, तरी तीन वेगवेगळ्या गावांना गेलेलो असतो.

खरी गोष्ट पुढंच आहे. एका रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात उजेड. घड्याळात एक वाजून गेलेला. बघते तर सूनबाई ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेली, कानात बोळे, हातात मोबाईल आणि स्वतःशीच हसते आहे. मी आले-गेले, तिला पत्ता नाही. सकाळी सहाला उठून हिला तीन डबे करायचे असतात, नऊला ऑफिस गाठायचं असतं. मला रागच आला. सकाळी चहाच्या वेळी ती कपाळ दाबत होती, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलंच, “रात्री एक-एक वाजेतो जागल्यावर डोकं दुखणार नाही तर काय होणार?”

ती काही बोलली नाही. डबे भरले आणि गेली. पण दोन दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

मी फोन लावला धाकट्या बहिणीला, लातूरला. मनातलं सगळं ओकले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “झालं तुझं बोलून? मग आता मला सांग अक्का, तुझं तंबूचं काय झालं होतं गं?”

मैत्रिणींनो, माझी बोलतीच बंद झाली.

माझं लग्न झालं १९७८ साली. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला. जत्रेच्या दिवसांत गावात तंबूचा सिनेमा यायचा. खाली जमिनीवर बसायचं, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सिनेमाच्या नावानं बोटं मोडायच्या. पण ‘जय संतोषी माँ’ आला आणि वाट मोकळी झाली. सिनेमा १९७५ सालचा, आमच्या तंबूत पोचायला तीन-चार वर्षं लागली. देवीचा सिनेमा, मग नाही कसं म्हणणार? आत्याबाई स्वतः आल्या, तंबूच्या तोंडाशीच चपला काढून, हात जोडून आत शिरल्या.

आता खरं सांगते. मी काही देवीसाठी गेले नव्हते. मला हवा होता तो अंधार. त्या तीन तासांत मला कुणी “अगं ए” म्हणून हाक मारणार नव्हतं. मांडीवर थोरली झोपलेली, डोक्यावरचा पदर घसरला तरी कुणाला दिसत नाही, आणि रीळ बदलेपर्यंत शेजारणीशी पोटभर बोलायचं. त्या बोलण्यानं अंग असं हलकं व्हायचं, की महिनाभर पुरायचं.

त्याच हावेपायी पुढच्या जत्रेत मी कीर्तनाला जाते म्हणून सांगितलं आणि तंबूत जाऊन बसले. गावात काय लपतं? आठ दिवस आत्याबाईंनी अबोला धरला. तेव्हा चुलीपुढं रडत मी मनाशी म्हटलं होतं, उद्या मला सून आली, तर तिच्या असल्या घटकेवर मी कधी बोट ठेवणार नाही.

आणि ठेवलं की! तंबूऐवजी मोबाईल होता, एवढंच.

त्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. स्वयंपाकघरात उजेड दिसला तशी जाऊन तिच्याशेजारी बसले. ती दचकून मोबाईल पालथा घालायला लागली. म्हटलं, “बंद करू नको. मलाही दाखव.” एक बोळा तिच्या कानात, एक माझ्या. कोरियातली मालिका होती. मला भाषा कळेना, खाली धावणारी अक्षरं वाचेपर्यंत निघून जात. पण त्यातली सासू सुनेकडे कसं बघते, ते बरोबर कळलं. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

मग ती बोलली. “आई, दिवसभरात हा एकच तास माझा असतो. खरं तर एकच भाग बघायचा असतो. पण तो संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. मग उठवत नाही.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या तंबूत शेवटी पडद्यावर ‘समाप्त’ची पाटी यायची. दिवे लागायचे, पोरं उचलायची आणि कंदिलाच्या उजेडात घोळक्यानं घरी. डोक्यात ती गोष्ट घोळत असायची, म्हणून ती पुरायची. या मोबाईलमध्ये ती पाटीच नाही. ती येऊ नये, अशीच सगळी मांडणी. एक संपलं की दुसरं पुढ्यात वाढलेलंच. पोट भरलं तरी वाढणारा हात थांबत नाही, अशा पंगतीत माणूस तृप्त होत नाही, नुसता जड होतो.

मग पाटी आपणच लावायची. नातवाला हाताशी धरलं. त्यानं दोन मिनिटांत दाखवलं, की पुढचा भाग आपोआप लागणं, त्याला ‘ऑटोप्ले’ म्हणतात, ते बंद करता येतं. शिवाय ‘झोपायची वेळ झाली’ अशी आठवण देणारी सोयही यूट्यूबसारख्या ठिकाणी असते. घरोघरी एवढं करून बघण्यासारखं आहे.

पण तेवढ्यानं भागत नाही. तिचा तास रात्री एकला का जातो? कारण त्याआधी ओटा, भांडी, उद्याची भाजी, पोराचा अभ्यास. तास हवा नऊ वाजताचा, आणि तो मोबाईल देत नाही, घरच्यांनी द्यावा लागतो. मी मुलाला म्हटलं, “जेवणानंतरचा ओटा तुझा, भाजी निवडणं माझं, भांडी लावणं नातवाचं.” तो म्हणाला, “आई, मी दमून येतो गं.” म्हटलं, “मग ती काय झोपाळ्यावर बसून येते?” यावर तो हसला, आणि मुकाट्यानं फडकं घेतलं.

दुसरं म्हणजे शनिवार. शनिवारी रात्री सगळ्यांचे मोबाईल भाकरीच्या टोपल्यात आणि भिंतीवरच्या टीव्हीवर एकच सिनेमा, सगळ्यांनी मिळून. पहिला मान माझा. मी ‘बाईपण भारी देवा’ लावायला सांगितला. २०२३ साली तो आला, तेव्हा ठिकठिकाणी बायका घोळक्यानं थिएटरात गेल्या; आमच्या भजनी मंडळाच्या अकरा जणीही गाडी करून लातूरला गेलो होतो. नातवानं आधी तोंड वाकडं केलं, पण मध्यंतराला, हो, मध्यंतर मी सक्तीनं करवलं, शेंगदाणे-गूळ खाताना तोच सर्वांत जास्त बोलत होता. पुढच्या शनिवारी त्याच्या आवडीची मारामारी मी पाहिली. तिसऱ्या शनिवारी मुलगा पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागला, आणि ऑफिसचा फोन टोपल्यातून वाजला तो वेगळाच. चालायचंच. तंबूतही वारा सुटला की पडदा हलायचाच की!

सुनेची डोकेदुखी पळाली, असं मी म्हणणार नाही. पण परवा साडेदहाला तिच्या खोलीतला दिवा मालवलेला पाहिला. आणि आता कधी ती आपणहून म्हणते, “आई, चला, एक भाग बघू. एकच हं.”

येळवस जवळ आली. भज्जी-आंबिलाची तयारी करायची, शेतात पंगत घालायची, म्हणून मी मुरुडला परत निघेन. माझ्यामागं शनिवारचं टोपलं निघेल की नाही, ओट्यावर मुलाचा हात फिरेल की नाही, देव जाणे. सुनेला एवढंच सांगितलंय, “तुझा तास कुणी मागितला तरी देऊ नको. फक्त तो रात्री एकला नको, नऊला घे.”

तुमच्याही घरात अवेळी स्वयंपाकघरात उजेड दिसला, तर आधी चिडू नका. तिथं जाऊन जरा टेका आणि विचारा, “काय बघतेस गं?”